थंडीची खबर: सिमला ऑफिसपासून निफाडच्या बागेपर्यंत

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच भुंकलेलं शेजारचं कुत्रं काढून टाकलं आहे.)

हा भाग रेकॉर्ड करतोय तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेत. खिडकी बंद आहे, पंखा तर कधीचाच बंद आहे, आणि दुपारीच मोबाईलवर एक सूचना येऊन पडली आहे. उद्यापासून उत्तर महाराष्ट्रात किमान तापमान घसरणार, काही भागांत थंडीच्या लाटेची शक्यता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आली असेल.

पुण्यात अशी सूचना आली की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "शनिवारी पहाटे सिंहगड?" दुसरा येतो, "पिठलं-भाकरी माझ्याकडून." आमच्या घरच्या ग्रुपवर मात्र कुणी काही लिहीत नाही. थेट फोन येतो. घर निफाड तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग. आण्णा, म्हणजे माझे वडील, एकच प्रश्न विचारतात, "काय म्हणतोय रे तुझा मोबाईल? किती उतरंल?"

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत असाच फोन आला होता. मी ॲप उघडून सांगितलं, "नऊ दाखवतंय आण्णा. नऊला काही होत नाही. झोपा निवांत." त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची होती. पहाटे उठून ठिबक चालू करायचं, बांधावर शेकोट्या पेटवायच्या, हे सगळं करायला ते तयार होते. माझ्या शब्दावर झोपले. बागेचा वरचा भाग ठीक राहिला. ओहोळाच्या कडेचा खालचा तुकडा मात्र गारठला. मण्यात नुकतं पाणी उतरत होतं, चार-पाच दिवसांत तिथल्या मण्यांना तडे गेले. व्यापाऱ्याने त्या ओळी सोडून माल तोडला. आण्णा रागावले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "नऊ म्हणला होता ना तू."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पहिला संशय ॲपवर घेतला. पण जवळच्या केंद्रावर त्या रात्री नोंदलेलं तापमान शोधून पाहिलं, तर अंदाज जवळजवळ बरोबर होता. म्हणजे नऊ हा आकडा खरा होता आणि आमची बाग गारठली हेही खरं होतं. मग मी सांगितलं ते नऊ नक्की कुठलं होतं? ते कुणी मोजलं, कशात मोजलं, आणि थंडी आधी कळते हे माणसाला कधीपासून जमायला लागलं? आजचा भाग या प्रश्नांचा आहे.

हिवाळा वेगळा, लाट वेगळी

आधी एक फरक समजून घेऊ. हिवाळा येणार हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. मार्गशीर्ष आला, पौष आला, भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी झाली, तीळगूळ वाटला, की थंडी असणारच. पंचांग ऋतू सांगतं. पण येत्या मंगळवारी पहाटे पारा अचानक सहा अंशांनी खाली जाईल, हे पंचांगात नसतं. पिकाचं, जनावरांचं आणि रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाचं नुकसान होतं ते या अचानक येणाऱ्या तीन-चार रात्रींनी.

या रात्री येतात कुठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाच्या प्रणाली पूर्वेकडे सरकत येतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या पंजाब, काश्मीर, हिमाचलवर पोचतात. बातम्यांमध्ये 'पश्चिमी विक्षोभ' किंवा 'पश्चिमी झंझावात' ऐकता ना, ते हेच. त्या येतात तेव्हा डोंगरात बर्फ आणि मैदानात पाऊस पडतो. त्या पुढे गेल्या की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटतात आणि आकाश मोकळं होतं. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री सरळ वर निघून जाते. हे वारे मध्य भारतातून खाली आले की आधी खानदेश, मग नाशिक, नगर, पुणे गारठतं. म्हणजे निफाडच्या बागेतल्या थंडीची सुरुवात कित्येकदा हजारो किलोमीटर दूर, काही दिवस आधीच झालेली असते.

आता 'लाट' कशाला म्हणायचं, याचेही नियम आहेत. आपल्या हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवं. ६.४ पेक्षा जास्त घसरण झाली तर तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी बघायचीच नाही, ती लाटच. किनाऱ्यावर १० ऐवजी १५ धरतात. म्हणून मुंबईकर १४ अंशांना स्वेटर काढतो तेव्हा त्याला हसू नका. त्याच्या सरासरीच्या हिशेबात ती खरोखर थंडी असते.

एक बुडालेलं जहाज आणि कोट

जे हजारो किलोमीटरवरून चालत येतं, ते वाटेत कुणीतरी बघितलेलं असतं. त्या बघणाऱ्याचा निरोप वाऱ्याच्या आधी पोचला, तर तो अंदाज झाला. ही कल्पना आज साधी वाटते. तिच्यामागे एक मोठी दुर्घटना आहे.

साल १८५४. काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियन युद्ध चालू होतं. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. १४ नोव्हेंबरला बालाक्लावा बंदराजवळ भयंकर वादळ आलं. फ्रान्सची 'आंरी कात्र' ही युद्धनौका गेली. ब्रिटिशांची अनेक जहाजं गेली, आणि त्यात 'प्रिन्स' नावाचं एक जहाज होतं. त्या जहाजावर सैन्यासाठी पाठवलेले हिवाळी कपडे होते. ते किनाऱ्याच्या तोंडाशी येऊन बुडालं. पुढचा अख्खा हिवाळा सैनिकांनी पुरेशा गरम कपड्यांशिवाय काढला. थंडी आणि रोगराईने त्यांचे जे हाल झाले, ते वाचून लंडनमध्ये लोक हादरले.

फ्रान्सच्या सरकारने एका खगोलशास्त्रज्ञाला विचारलं, हे आधी कळलं असतं का? हे गृहस्थ म्हणजे उर्बँ ल व्हेरिए. नेपच्यून ग्रह आकाशात कुठे सापडेल हे ज्यांनी गणिताने काढलं, आणि १८४६ मध्ये तो खरोखर तिथे सापडला, तेच हे. त्यांनी युरोपभरच्या वेधशाळांकडून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या. नकाशावर मांडल्यावर दिसलं की ते वादळ युरोप ओलांडत काळ्या समुद्राकडे सरकत गेलं होतं. तारायंत्राने एका गावाने पुढच्या गावाला कळवलं असतं, तर बंदरावर आधी इशारा पोचू शकला असता.

आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा होता, नेटवर्कही उभं राहत होतं, पण दोन्ही जोडलेले नव्हते.

ते जोडण्याचं काम इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी केलं. डार्विनला घेऊन जगभर फिरलेल्या 'बीगल' जहाजाचे हे कप्तान. १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं, शेकडो माणसं गेली. त्यानंतर फिट्झरॉयनी तारायंत्राने नोंदी गोळा करून १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्रात त्यांचा रोजचा हवामान अंदाज छापून यायला लागला. अंदाज चुकला की लोक टिंगल करायचे, शास्त्रज्ञ नाकं मुरडायचे. कर्ज, आजारपण आणि नैराश्य यांनी घेरलेल्या फिट्झरॉयनी १८६५ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्यामागे ते अंदाज काही काळ बंदही केले गेले. पुढच्या वेळी 'हवामान खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा' हा विनोद फॉरवर्ड करताना हा माणूस जरा आठवा.

सिमला ऑफिसला सिमला ऑफिस का म्हणतात?

आता भारतात येऊ. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, हजारो माणसं मेली. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडले. प्रांतोप्रांती वेधशाळा होत्या. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर १८२६ पासूनची. पण प्रत्येकाची पद्धत वेगळी, नोंदी वेगळ्या वहीत. सगळं एका छताखाली आणायला १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. पहिले प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड.

ब्लॅनफर्ड मुळात भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून भारतात आले होते. नोंदी बघता बघता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या वर्षी हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडतो, त्या वर्षी पुढे मैदानात पाऊस कमी पडतो असं दिसत होतं. हे त्यांनी १८८४ मध्ये मांडलं. ४ जून १८८६ ला याच आधारावर मान्सूनचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला. मला यात गंमत वाटते ती ही, की पावसाचा अंदाज सांगायला भारताने सुरुवात केली ती थंडीकडे बघून. हे नातं दर वर्षी जुळत नाही हे पुढे कळलं. १९०४ ते १९२४ प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मग जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे तपासत बसले, आणि प्रशांत महासागरातला दाबाचा जो झोका त्यांनी ओळखला, तो आज एल निनोच्या बातम्यांमधून आपल्याला भेटतो.

तोपर्यंत विभागाचं मुख्यालय सिमल्याला गेलं होतं. सरकारच उन्हाळ्यात तिथे जायचं. सकाळच्या नोंदी देशभरातून तारेने यायच्या, पेशावरसारख्या वायव्येच्या टोकाचं ठाणंही त्यात असायचं. भूमध्य समुद्राकडून येणारी प्रणाली भारताचा उंबरठा ओलांडते ती याच बाजूने. तिथे दाब उतरला की खाली मैदानात काय होणार, याचा अदमास नकाशावरून बांधता यायचा.

१९२८ मध्ये हे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला मोठी दगडी इमारत उभी राहिली. आता पुणेकर कसे आहेत तुम्हाला माहीतच आहे. सिमल्याहून आलेलं ऑफिस ना, मग ते सिमला ऑफिस! विषय संपला. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नाव राहिलं. आज बसचा कंडक्टर 'सिमला ऑफिस' ओरडतो तेव्हा अर्ध्या बसला वाटतं हिमाचल टुरिझमचं काहीतरी असेल. मलाही हिंजवडीला जा-ये करताना कितीतरी महिने तसंच वाटायचं. आण्णांना मी जो आकडा सांगितला, त्याच्या वंशावळीतलं एक घर रोज माझ्या खिडकीतून मागे जात होतं.

सिमल्याची थंडी सोडून ऑफिस पुण्यात आलं आणि सात वर्षांत पुण्याने आपला हिसका दाखवला. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंश तापमान नोंदलं गेलं. पुण्याचा तो नीचांक अजून मोडलेला नाही. मुंबईत सांताक्रूझचा नीचांक आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. आजीआजोबा 'आमच्या वेळची थंडी' म्हणतात तेव्हा अगदीच थापा मारत नसतात.

जमिनीपासून वीतभर

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. हे तापमान मोजतात कुठे?

वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी असते. वारा आत खेळतो, पण ऊन थेट पडत नाही. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरने ती बनवली, म्हणून तिचं नाव स्टीव्हन्सनची पेटी. ('ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा.) तिच्यातला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो आणि पेटी मोकळ्या, सपाट जागी ठेवतात. का? तर पेशावरचा आकडा पुण्याच्या आकड्याशी ताडून बघायचा असेल तर दोन्ही एकाच पद्धतीने मोजलेले हवेत. हे बरोबरच आहे. पण याचा अर्थ असा, की बातमीतलं तापमान हे मोकळ्या मैदानातल्या, छातीच्या उंचीवरच्या पेटीतलं तापमान असतं. ओहोळाच्या काठच्या द्राक्षाच्या घडाचं ते नसतं.

हे ज्यांच्या फार लवकर लक्षात आलं, त्यांच्यापैकी एक माणूस याच सिमला ऑफिसात होता. डॉ. एल. ए. रामदास. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तो रामदास यांच्याकडे आला. पिकाला जी हवा लागते ती पेटीतली नाही, पिकाभोवतीची. म्हणून त्यांनी जमिनीलगतच्या हवेचं तापमान मोजायला घेतलं, वीत-वीत अंतराने.

आणि एक विचित्र गोष्ट सापडली. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन ऊब सोडते, म्हणून सगळ्यात गार जमीनच असणार, आणि वर जावं तसं गरम होत जाणार, असं सगळे मानत होते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना दिसलं की उघड्या जमिनीवर सगळ्यात गार थर जमिनीला चिकटलेला नसतो. तो काही सेंटिमीटर ते दोन-तीन विती वर असतो.

हे त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलं. बाहेरच्या बऱ्याच तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. मोजण्यात चूक असेल, बाजूने गार हवा वाहत आली असेल, असं म्हटलं गेलं. १९५७ मध्ये राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजमाप करून तोच प्रकार दाखवला. मग तो मान्य होत गेला. आज त्या थराला जगभर 'रामदास थर' म्हणतात. तो का बनतो याचा एक खुलासा १९९० च्या दशकात बंगळूरमध्ये रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. पुढे त्यावरही वाद झाला, हवेतल्या सूक्ष्म कणांचा हात आहे असं नव्या प्रयोगांतून मांडलं गेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या हवेवर माणसं नव्वद वर्षं डोकं खाजवत आहेत!

आता प्रामाणिकपणे सांगतो, आमचं नुकसान या रामदास थराने झालं नाही. द्राक्षाचे घड वाय पद्धतीच्या मांडवावर बरेच उंच असतात. आमच्याकडे कारण साधं होतं. गार हवा जड असते. वारा पडला की ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. आमचा खालचा तुकडा म्हणजे त्या हवेचं तळं. पण रामदास यांची गोष्ट वाचल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की एका गावात, एका बागेत, अगदी एका झाडाच्या बुंध्याशी आणि शेंड्याशीही थंडी वेगवेगळी असते. मी मात्र अख्ख्या बागेला एकच आकडा दिला होता.

तापमापक बनवणारी बाई

आकडा खरा हवा तर यंत्र खरं हवं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडची हवामानाची बरीचशी यंत्रं परदेशातून येत होती. १९४८ मध्ये अण्णा मणी पुण्यात हवामान विभागात रुजू झाल्या. केरळात १९१८ साली जन्म, रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर संशोधन. प्रबंध लिहूनही पदव्युत्तर पदवी नाही म्हणून त्यांना पीएचडी दिली गेली नाही. पुण्यात त्यांनी जवळपास शंभर वेगवेगळ्या हवामान यंत्रांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशात बनवायची व्यवस्था उभी केली.

सेन्सर चुकीचा असेल तर वरचं सगळं सॉफ्टवेअर फुकट, हे आम्हाला पहिल्या नोकरीत ठेचा खाऊन कळतं. अण्णा मणींनी आयुष्यभर त्याच गोष्टीचा आग्रह धरला. त्यांचं नाव इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला एकदाही ऐकू आलं नाही.

नऊ हजार एकरांचा एक ठिपका

आता शेवटचा टप्पा. मोजलेलं माणसापर्यंत पोचणं.

१९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी हवामानाचं वेगळं बातमीपत्र आकाशवाणीवरून सुरू झालं. तारेची खबर बंदराच्या अधिकाऱ्यापर्यंत जायची. रेडिओ गावाच्या पारावर पोचला. आज जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, आणि २०१९ पासून 'मेघदूत' ॲपवर तो मराठीतही मिळतो.

दरम्यान अंदाज बांधायची पद्धतच बदलली. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने हातगणिताने सहा तासांचा अंदाज काढून बघितला. त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं. तरी त्याने १९२२ मध्ये ते प्रामाणिकपणे पुस्तकात छापलं. १९५० मध्ये 'एनिॲक' या सुरुवातीच्या संगणकाला चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागले. म्हणजे अंदाज आणि हवामान बरोबरीने धावत होते. आज पुण्यातच पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' नावाचा महासंगणक आहे, आणि २०२५ मध्ये आलेली भारताची अंदाजप्रणाली देशाला सहा किलोमीटरच्या चौकोनांत कापून हिशेब करते. जगात एवढ्या बारीक चौकोनांची जागतिक प्रणाली क्वचितच कुणाकडे असेल.

आता हे आण्णांच्या भाषेत करून बघू. सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर. म्हणजे जवळपास नऊ हजार एकर. त्या सगळ्याचा एक ठिपका. आमची बाग दोन एकर, आणि फटका बसला तो त्यातल्याही खालच्या तुकड्याला.

इथे मला ॲपचा राग येत नाही. बालाक्लावाला वादळ आदळेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. आज मला चार दिवस आधी, घरबसल्या, फुकट कळतं की उत्तरेचे वारे येत आहेत. पावणेदोनशे वर्षांत किती माणसांनी पहाटे उठून पेटी उघडली असेल, आकडा वहीत लिहिला असेल, तेव्हा हे झालं. चूक माझी होती. नऊ हजार एकरांचा आकडा मी दोन एकरांसाठी छातीठोकपणे सांगितला. 'झोपा निवांत' हे हवामान विभागाने म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं.

मग आता काय?

गेल्या हिवाळ्यात मी साधे तीन किमान-कमाल तापमापक घेऊन गेलो. एक वरच्या बांधाशी, एक मध्ये आणि एक खाली ओहोळाकडे. आण्णांना वाटलं होतं की मी काहीतरी वायफायवालं, महागडं आणणार. ते तीन डबे बघून म्हणाले, "एवढंच?" पण रोज सकाळी आकडे लिहायचं काम त्यांनीच घेतलं. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आहेत: वर, मध्ये, खाली.

दीडेक महिन्याच्या नोंदींनंतर आम्हाला एक गोष्ट कळली. वारा असेल त्या रात्री तिन्ही आकडे जवळपास सारखे. वारा पडलेला आणि आकाश मोकळं असेल त्या रात्री खालचा तुकडा वरच्यापेक्षा बराच गार. म्हणून आता ॲपमध्ये मी तापमान बघतो, आणि त्याच्याखाली वारा आणि ढगही बघतो. तुमच्या घरी शेती असेल, किंवा नुसती गच्चीवर चार कुंड्या असतील, तरी हे करून बघा. तुमच्या जागेचा आणि बातमीतल्या आकड्याचा फरक एकदा कळला, की बातमी तुमच्या कामाची होते.

आणि शहरातल्या मित्रांसाठी एक. सूचना आली की सिंहगडाचा प्लॅन जरूर करा, मीही येतो. पण आपल्या सोसायटीचा वॉचमन रात्री उघड्या केबिनमध्ये बसतो, साइटवरची माणसं पत्र्याच्या खोलीत झोपतात. पत्रा उघड्या आकाशाखाली किती गार पडतो हे रामदासांना विचारायची गरज नाही, हात लावून कळतं. त्यांचं तापमान मोबाईलमध्ये येत नाही. घरात पडून असलेली जास्तीची चादर आज संध्याकाळी देता येते, लाट येऊन गेल्यावर तिचा काय उपयोग?

आज दुपारी सूचना आली तेव्हा यंदा मीच फोन लावला. म्हटलं, "आण्णा, परवा रात्री आठ दाखवतंय, वारा नाही, ढग नाहीत. खाली किती होईल सांगता येत नाही, पण कमी होईल." पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "माहितीय. डायरी काढलीय. खालच्या बाजूला काड्याकुड्या आणून टाकल्यात. तू झोप निवांत."

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात सगळ्यात गार जागा कुठली आणि ती कुणी शोधून काढली, मला नक्की कळवा. चांगल्या गोष्टी आल्या तर पुढच्या भागात वाचून दाखवेन. गरम राहा, मफलर बांधा, आईचं ऐका. भेटू पुढच्या भागात!